जानुसंधी-रोपणानंतरचा गृहकाल आणि त्यातील उपद्रव

कृत्रिम जानुसंधी-रोपण, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘गुडघा बदलणे’ म्हणतात ते शस्त्रकर्म, हा विषय आयुर्वेदीय नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या चिकित्सालयाच्या बाकावरच मिळते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी हे शस्त्रकर्म केले, तेव्हा ते घरोघरी चर्चेचा विषय झाले. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. जे शस्त्रकर्म एके काळी महानगरातील धनिकांपुरते होते, ते आज मध्यमवर्गीय कुटुंबालाही विचारात घेता येते. वर्षानुवर्षे आपल्याकडून तेल, गुग्गुळ आणि बस्ती घेणारे संधिगतवाताचे रुग्णच अखेर हे शस्त्रकर्म करून घेतात आणि घरी आल्यावर पुन्हा आपल्याकडेच येतात.

रुग्णालयातील वास्तव्य बहुधा तीन ते पाच दिवसांचे असते. रुग्ण घरी येतो तेव्हा टाके किंवा पिना काढलेल्या नसतात, हाती वॉकर असतो आणि सोबत सहा-सात प्रकारच्या गोळ्यांची पिशवी असते. खरी भरपाई व्हायची ती पुढच्या तीन महिन्यांत, आणि तीही घरी. या काळात शल्यचिकित्सक रुग्णाला दोन-तीन वेळा पाहतो. कुटुंबाचा वैद्य आणि कोपऱ्यावरचा औषधविक्रेता यांच्याशी मात्र आठवड्यातून दोनदा बोलणे होते. म्हणून या काळात काय घडते, त्यात स्वाभाविक काय आणि उपद्रव कोणता, हे आपणास नेमके ठाऊक असले पाहिजे.

शस्त्रकर्मात काय घडते

ऊर्वस्थीचे खालचे टोक आणि जंघास्थीचे वरचे टोक काही मिलिमीटर जाडीने कापून काढले जाते. वरच्या भागावर कोबाल्ट-क्रोमियमचे आवरण, खालच्या भागावर बहुधा टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमियमची बैठक आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची चकती बसवतात. हे भाग अस्थीला जखडण्यासाठी बहुतेक वेळा अस्थिसिमेंट वापरतात व ते शस्त्रकर्म चालू असतानाच पंधरा-वीस मिनिटांच्या आत घट्ट होते. सभोवतालचे स्नायू, कंडरा आणि बाजूचे बंध मात्र रुग्णाचे स्वतःचेच राहतात.

या साध्या माहितीतून चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. झिजलेली तरुणास्थी आणि तिच्याखालचा अस्थिभाग काढून टाकल्यामुळे त्या सांध्यातील संधिगतवाताचे अधिष्ठानच उरलेले नाही. सिमेंटने बसवलेल्या सांध्यात भग्नाप्रमाणे अस्थी जुळून येण्याची प्रक्रियाही व्हायची नसते. तरीही ‘हाडावरचे ऑपरेशन’ म्हटले की लाक्षादि गुग्गुळ आणि अस्थिशृंखलेच्या गोळ्या लिहून देण्याची आपल्यात प्रथा पडली आहे. ज्या कार्यासाठी त्या दिल्या जातात, ते कार्य तेथे शिल्लकच नसते. रुग्णाला आता जी वेदना आहे, ती झिजलेल्या सांध्याची नसून त्वचा, मांस आणि कंडरा यांच्या व्रणाची आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, घरी आलेला हा रुग्ण संधिगतवाताच्या प्रकरणात पाहू नये, तर सुश्रुताच्या सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायात पाहावा. व्रणिताची खोली, शय्या, आहार, निद्रा आणि त्याच्याभोवतीची माणसे यांचा विचार त्या एकोणिसाव्या अध्यायात ज्या बारकाईने केला आहे, तो आजच्या या रुग्णाला जवळजवळ तसाच लागू पडतो. भर एवढीच की, या व्रणाच्या तळाशी आयुष्यभरासाठी ठेवलेले एक अजीव द्रव्य आहे आणि जंतुसंसर्गाच्या दृष्टीने ते अत्यंत संवेदनशील आहे.

स्वाभाविक काय

उपद्रव ओळखण्यापूर्वी स्वाभाविक क्रम माहीत हवा. गुडघ्यावरील शोथ तीन महिने, क्वचित सहा महिनेही टिकतो. दिवसभराच्या वावरानंतर सायंकाळी तो वाढतो आणि रात्री पाय उंच ठेवल्यावर उतरतो. स्पर्शाला गुडघा कित्येक महिने दुसऱ्यापेक्षा किंचित उष्ण लागतो. पहिल्या आठवड्यात साकळलेले रक्त खाली उतरून पोटरी आणि घोट्याजवळ काळेनिळे डाग दिसतात. त्याने घरची माणसे घाबरतात. व्रणरेषेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कारण तेथील त्वचेला जाणारी लहान नाडी छेदात कापली जाते. हे बाधिर्य कालांतराने आक्रसते. पूर्ण जाईलच असे नाही. चालताना कृत्रिम भाग एकमेकांवर आपटून ‘टक्’ असा आवाज येतो, तोही निर्दोष.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील मनःस्थितीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. रुग्णालयातील उत्साह ओसरलेला असतो, भेटीला येणारी मंडळी थांबलेली असतात, रात्री झोप लागत नाही आणि ‘उगाच केले’ असे वाटू लागते. विशेषतः आयुष्यभर घर चालवलेल्या स्त्रीला स्वतःच्या स्नानासाठी सुनेवर अवलंबून राहणे फार लागते. व्रणिताजवळ सुहृदांनी प्रिय गोष्टी बोलाव्यात, असे सुश्रुत जे सुचवतो ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. या टप्प्यावर वैद्याने पाच मिनिटे बसून ‘हा क्रम असाच असतो’ एवढे सांगितले तरी झोपेच्या गोळीची मागणी पुष्कळदा टळते.

उशी, निद्रा आणि शीतोपचार

घरी होणारी सर्वांत मोठी चूक प्रेमापोटी होते. गुडघा दुखतो म्हणून त्याच्याखाली मऊ उशी ठेवली जाते. वाकलेल्या स्थितीत आराम वाटतो हे खरे; पण त्याच स्थितीत मागच्या बाजूचे बंध आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होण्याची शक्यता हळूहळू मावळते. सरळ न होणारा गुडघा चालताना प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना थकवतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा स्वतःच्या भाराने सरळ होतो.

व्यायामाचा तपशील भौतिकोपचारतज्ज्ञ देतो. वैद्याने तो नियमाने होतो की नाही, हे पाहावे. पाऊल वरखाली हलवणे जागेपणी दर तासाला, मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे आणि खुर्चीच्या कडेवर बसून पाय मागे नेणे, या चार क्रिया बहुतेक सर्वांना दिलेल्या असतात. सहा आठवड्यांच्या सुमारास गुडघा पूर्ण सरळ व्हावा आणि किमान ९० अंश, शक्यतो त्याहून अधिक वाकावा. तसे होत नसेल तर रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे त्याच वेळी पाठवावे. संज्ञाहरण करून आखडलेला गुडघा मोकळा करण्याची क्रिया साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान फलदायी होते. नंतर चिकटलेल्या ऊती घट्ट होतात. ‘अजून महिनाभर तेल लावून पाहू’ या आपल्या सल्ल्याने ही मुदत निघून जाऊ शकते.

व्रणिताला सुश्रुताने दिवास्वाप निषिद्ध सांगितला आहे. शोथ, गौरव आणि वेदना त्याने वाढतात असे कारणही दिले आहे. या रुग्णांत त्याचा प्रत्यय येतो. दुपारी तीन तास झोपलेला रुग्ण रात्री जागतो, जागेपणी वेदना अधिक जाणवते आणि मग वेदनाशामकाची आणखी एक मात्रा घेतो. शिवाय जेवढा वेळ तो झोपतो तेवढा वेळ पोटरीचे स्नायू निश्चल राहतात.

बर्फाच्या शेकाबद्दल आपल्यात मतभेद आहेत. शीत स्पर्शाने वात वाढेल म्हणून काही वैद्य तो बंद करवतात. पहिल्या काही आठवड्यांतील शोथ उष्ण, रक्तवर्ण आणि दाहयुक्त असतो. तेथे पित्त-रक्ताचा अनुबंध स्पष्ट आहे. व्यायामानंतर कोरड्या कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवण्यास हरकत नसावी. बधिर त्वचेवर बर्फ थेट ठेवू नये. उष्ण शेकाला मात्र या काळात ठाम नकार द्यावा. शोथ वाढतो हे एक कारण. दुसरे असे की बधिर भागाला वाळूच्या पोटलीची उष्णता समजत नाही आणि फोड येतो. कृत्रिम सांध्याच्या वरच भाजल्याचा व्रण होणे किती महागात पडेल, हे सांगावयास नको.

पोटरीतील रक्ताची गुठळी

या शस्त्रकर्मानंतर पायाच्या खोल सिरांत रक्त गोठण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि सुमारे तीन महिने काही अंशी राहतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच रुग्णाला ॲस्पिरिन, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन यांपैकी एखादी गोळी किंवा एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन किमान दहा ते चौदा दिवस, काही वेळा पस्तीस दिवसांपर्यंत दिले जाते.

एक प्रसंग सांगतो. सहासष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा मुलगा शस्त्रकर्मानंतर सोळाव्या दिवशी आला. “वैद्यराज, आईच्या पोटरीत गोळा आलाय. चोळायला एखादं चांगलं तेल द्या.” तेल देण्याऐवजी घरी जाऊन पाहिले. पोटरी ताठ, दाबल्यावर दुखणारी, आणि गुडघ्याखालच्या अस्थिउंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली मोजली असता दुसऱ्या पायापेक्षा तीन सेंटिमीटरहून अधिक मोठी. रक्त पातळ ठेवणारी गोळी चार दिवसांपूर्वी संपली होती आणि ‘आता टाके काढले, मग कशाला’ म्हणून पुन्हा आणलीच नव्हती. त्याच सायंकाळी केलेल्या कलर डॉपलर तपासणीत गुडघ्यामागील मोठ्या सिरेत गुठळी निघाली. पुढे तीन महिने उपचार घेऊन बाई बऱ्या झाल्या.

येथे वैद्याच्या हातात मोजपट्टी असणे पुरेसे असते. दोन्ही पोटऱ्यांत स्पष्ट फरक, नव्याने आलेली वेदना, रात्रभर पाय उंच ठेवूनही न उतरणारा शोथ, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी तपासणीस पाठवावे. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का, हे पाहण्याच्या जुन्या परीक्षेवर विसंबू नये. ती पुष्कळदा फसवते. अचानक श्वास लागणे, छातीत टोचणे, घेरी येणे किंवा थुंकीतून रक्त पडणे, अशा स्थितीत चिकित्सालयात बोलावण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोटरीला अभ्यंग, मर्दन, गादीवाल्या यंत्राने मालिश, हे सर्व पहिले तीन महिने वर्ज्य मानावे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सुश्रुताच्या शारीरस्थानात जानु हे वैकल्यकर मर्म सांगितले आहे, आणि त्याच्या आघाताचा परिणाम खंजत्व असा दिला आहे. पोटरीच्या मध्यभागचे इंद्रबस्ती मर्म मात्र कालांतरप्राणहर गटात घातले आहे. सिरेतील गुठळीचे ज्ञान त्यातून ओढूनताणून काढण्याचे कारण नाही. पण ज्या भागाला आपले शास्त्र प्राणाशी जोडते, तेथे अशा काळात हात जपून लावावा, एवढा बोध घेण्यास कोणाची हरकत नसावी.

जंतुसंसर्ग

शंभरात एक-दोन रुग्णांना हा उपद्रव होतो. मधुमेही, स्थूल आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक. वेदना कमी होत आलेली असताना पुन्हा वाढू लागणे, व्रणाभोवतीची लाली पसरत जाणे, थंडी वाजून ज्वर, आणि पाच-सात दिवसांनंतरही व्रणातून स्राव येत राहणे, ही त्याची लक्षणे. स्राव थोडा आहे, पाण्यासारखा आहे, दुर्गंधी नाही, म्हणून थांबू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांतील अल्प ज्वर स्वाभाविक असू शकतो. घरी आल्यावर पहिल्यांदा १००.४ अंशांवर गेलेला ताप तसा समजू नये.

धातू आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात औषध पोहोचत नाही. संसर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर सांधा उघडून धुऊन, मधली चकती बदलून मूळ सांधा वाचवता येतो. काही आठवडे गेले की बहुधा सांधाच काढावा लागतो आणि महिन्यांनंतर दुसरा बसवावा लागतो. त्यामुळे या उपद्रवात चिकित्सेइतकेच महत्त्व वेळेला आहे.

येथे दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, ‘पाच दिवस घेऊन बघा’ म्हणून प्रतिजैविक देणे. सांध्यातील द्रव सुईने काढून तपासण्यापूर्वी प्रतिजैविक दिले, तर जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. ज्वर तात्पुरता उतरतो, सर्वांना बरे वाटते आणि संसर्ग आत खोल जातो. दुसरी, स्राव असलेल्या किंवा सुजलेल्या व्रणावर लेप, जात्यादि तेल, हळद-तुपाची पट्टी बांधणे. इतर व्रणांत या द्रव्यांचे यश आपण पाहिले आहे. पण या व्रणाच्या तळाशी सांध्याची पोकळी आहे, आणि बाहेरून झाकलेला व्रण शल्यचिकित्सकाला दिसत नाही.

जलौकावचारणाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण सुजलेल्या गुडघ्यावर जळवा लावणे आपल्याकडे सर्रास चालते. जळवांच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू नैसर्गिकपणेच असतात आणि दंशातून ते शरीरात जाऊ शकतात. कृत्रिम सांध्याभोवती जलौका, सिरावेध, विद्धकर्म आणि अग्निकर्म करू नये. केवळ तीन महिनेच नव्हे, तर पुढेही. सांधा बसवल्यानंतर अनेक वर्षांनी दातांतील पू, मूत्रमार्गातील संसर्ग किंवा मधुमेह्याच्या पायाची चिघळलेली भेग यांतून रक्तावाटे जंतू तेथे पोहोचल्याची उदाहरणे आहेत. अशा रुग्णाच्या टाचेच्या भेगा आणि दात तपासणे हा आपल्या नेहमीच्या परीक्षणाचा भाग असावा.

किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी

मलावष्टंभ जवळजवळ प्रत्येकाला होतो. ट्रामाडोलसारखी वेदनाशामके, लोहाच्या गोळ्या, कमी पाणी आणि अंथरुण ही त्याची कारणे. येथे आपली औषधे उत्तम काम देतात. मात्र तीव्र रेचन देऊ नये. वॉकरवर चालणारी वृद्ध स्त्री पहाटे तीन वाजता घाईने शौचास निघते आणि ओल्या फरशीवर पडते; पडल्याने कृत्रिम सांध्याजवळचे हाड मोडले तर पहिल्या शस्त्रकर्मापेक्षा दुसरे कठीण. रात्री कोमट पाण्याबरोबर गंधर्वहरीतकी किंवा इसबगोल पुरेसे होते. बस्तीचा मोह आवरावा. डाव्या कुशीवर निजून उजवा पाय पोटाशी घेण्याची स्थिती उजवा गुडघा बदललेल्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत घेताच येत नाही.

काळसर मल दिसला तर नीट विचारावे. लोहाने मल काळा पण बांधलेला असतो. डांबरासारखा, चिकट, विशेष दुर्गंधी असलेला मल आणि सोबत घेरी असेल, तर आमाशयातील रक्तस्रावाची शंका घ्यावी. रक्त पातळ ठेवणारे औषध आणि वेदनाशामक एकत्र चालू असताना हे घडते. वृद्ध रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. मूत्र अडणे, जंतुसंसर्ग, औषधांचा परिणाम किंवा रक्तातील सोडियम कमी होणे, यांपैकी काहीतरी असते. रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेणाऱ्यांत सोडियम विशेष उतरते. मूत्राचे प्रमाण कमी झाले, पायांवर सूज चढली, तर वेदनाशामकाने वृक्कावर ताण आल्याचा विचार करावा.

आपली औषधे कोणती, केव्हा

रुग्णाच्या पिशवीतील गोळ्या पाहिल्याशिवाय एकही कल्प लिहू नये. गुग्गुळाने प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदय व रक्तदाबावरील औषधांची रक्तातील पातळी उतरते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसून आले. पिंपळी-मिऱ्यातील पायपरीन याच्या उलट, काही औषधांची पातळी वाढवते. बाजारातील हळदीच्या कॅप्सूलमध्ये ते मुद्दाम घातलेले असते, हे अनेकांना माहीत नसते. लसणाचा क्षीरपाक वातघ्न खरा, पण तो रक्त गोठण्यास आडवा येतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी संपेपर्यंत लसूण भाजीत असतो तेवढाच असावा. मूत्रल औषध घेणाऱ्याला यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम उतरते. महायोगराज गुग्गुळात नागभस्म आहे. शस्त्रकर्माने आणि वेदनाशामकांनी शिणलेल्या वृक्कांच्या वृद्धाला तो सवयीने देणे मला मान्य नाही.

पहिल्या सहा आठवड्यांत दीपन, पाचन, अनुलोमन आणि आहार यांवर भर द्यावा. दुसऱ्या पायाची मांडी, कंबर, पाठ आणि खांदे यांना हलका अभ्यंग चालतो. वॉकरवर भार देऊन खांदे भरून येतात, त्यांना त्याने आराम मिळतो. शस्त्रकर्म झालेल्या गुडघ्यावर व्रणरेषा पूर्ण भरून, खपल्या गळून आणि शल्यचिकित्सकाने पाहून झाल्यावरच, साधारण सहा आठवड्यांनंतर, कोमट नव्हे तर साधे तेल हलक्या हाताने लावावे.

आहाराबाबत व्रणितोपासनीय अध्याय पुन्हा उपयोगी पडतो. जुना तांदूळ, मुगाचे कढण, तूप, तांदुळजा, चाकवत, पडवळ, कारले, डाळिंब, आवळा आणि मांसाहारी रुग्णाला मांसरस, ही यादी आजही चालण्याजोगी आहे. नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ यांचा तेथे निषेध आहे. आपल्याकडे मात्र ‘हाडे भरून यावीत’ म्हणून दुसऱ्याच आठवड्यात डिंकाचे आणि उडदाचे लाडू सुरू होतात. अग्नी मंद, मल बद्ध, त्यात मधुमेह असेल तर साखर चढून व्रण भरणे लांबते. लाडू दोन महिन्यांनी खावेत. प्रथिने मात्र कमी पडू देऊ नयेत. शाकाहारी कुटुंबात वरणाचे पाणी आणि मऊ भातावर रुग्णाला ठेवले जाते, त्याने मांडीचे स्नायू भरत नाहीत. घट्ट वरण, दूध, ताजे पनीर दोन्ही वेळांत असावे.

औषधविक्रेत्यांसाठी

या रुग्णाचे नातेवाईक दुकानात येतात तेव्हा ‘ऑपरेशनला किती दिवस झाले’ हा एक प्रश्न विचारल्याने पुष्कळ अनर्थ टळतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी संपली आहे की थांबवायला सांगितली आहे, हे डिस्चार्ज कार्डावर पाहावे. ती महाग म्हणून निम्मीच मागणाऱ्या ग्राहकाला शल्यचिकित्सकास दूरध्वनी करण्यास सांगावे. निरनिराळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत एकच किंवा एकाच वर्गातील वेदनाशामक असणे नित्याचे आहे: एकीत डायक्लोफेनॅक, दुसरीत ॲसिक्लोफेनॅक, आणि दोन्हींत पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलची दिवसाची मर्यादा प्रौढास चार ग्रॅम, कृश वृद्धास त्याहून कमी. अशा दोन पट्ट्यांनी ती सहज ओलांडली जाते.

ट्रामाडोल आणि सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांची विक्री चिठ्ठीवरच करावयाची आणि नोंदवही तीन वर्षे जपावयाची, हे आपण जाणताच. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडोल अंमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे. या रुग्णाच्या बाबतीत कायद्यापेक्षाही मोठे कारण वर सांगितलेच आहे: चिठ्ठीविना दिलेले प्रतिजैविक निदान झाकते. गुडघ्यासाठीची सुगंधी तेले आणि जळजळ करणारी मलमे मागितली गेली, तर व्रण भरला आहे का, हे विचारून मगच द्यावीत.

पुढचे दिवस

जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रकर्म झालेला. एवढे वाक्य घरच्यांना पाठ करून द्यावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात खुर्ची ठेवावी, न्हाणीघरात हाताला धरण्यास दांडी बसवावी आणि सतरंज्या, पायपुसणी काही महिने गुंडाळून ठेवावीत. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे बहुतेक शल्यचिकित्सक कायमचे टाळावयास सांगतात. पूजा, सत्यनारायण, हळदीकुंकू यांत खुर्चीवर बसण्याचा संकोच वाटतो. तो घालवण्याचे काम घरच्या ज्येष्ठांपेक्षा वैद्याच्या शब्दाने लवकर होते.

राहिला दुसरा गुडघा. बहुतेकांचा तोही झिजलेला असतो आणि पहिले काही महिने बहुतांश भार त्याच्यावर पडतो, त्यामुळे तो अधिक दुखू लागतो. स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती, बस्ती, वजन उतरवणे आणि मांडीच्या स्नायूंना बळ देणे, हे संधिगतवाताचे उपचार तेथे लागू आहेत. औषधे निवडताना पिशवीतील गोळ्या पाहाव्यात आणि कटिस्नान किंवा सर्वांगस्वेद शस्त्रकर्मानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर योजावा. तेव्हाही पेटीतील वाफ बदललेल्या गुडघ्यावर, विशेषतः बधिर भागावर, थेट पडू नये म्हणून त्यावर जाड ओले फडके ठेवावे.